हजेरी

रात्री नऊला आपल्या हॉस्टेलमध्ये हजेरी होते. रेक्टर सर रजिस्टर घेऊन खाली व्हरांड्यात बसतात आणि आपण सगळे मजल्यामजल्यावरून चपला फटफटवत उतरतो. कोणी अर्ध्या जेवणातून उठून आलेला, कोणी टॉवेल खांद्यावर टाकून. रोजची कुरकुर ठरलेली. मागच्या वर्षी गेट लवकर बंद करायचा नियम आला, तेव्हा नोटीस बोर्डावर कोणीतरी मार्करने लिहून ठेवलं होतं, 'कॉन्सन्ट्रेशन कॅम्पमध्ये आपले स्वागत आहे'. दोन दिवस सगळं हॉस्टेल त्यावर हसत होतं. ते मीच लिहिलं होतं. आता शेवटचं सेमिस्टर चालू आहे, कबूल करायला हरकत नाही.

माझा रूम पार्टनर तेव्हा हसला नाही. तो सोलापूरचा. आम्हा नागपूरवाल्यांना वाटतं 'बे' म्हणायचा हक्क फक्त आपलाच, पण सोलापूरची पोरंही वाक्यागणिक 'बे' म्हणतात, त्यामुळे पहिल्याच दिवशी आमचं जमलं. त्या रात्री खोलीत आल्यावर तो एवढंच म्हणाला, "हजेरी म्हणलं की आमची आजी अजून दचकते बे. तू कधी घरी आलास की विचार तिला."

मी विचारायला गेलो, पण त्याला एक वर्ष गेलं. त्याआधी एक गोष्ट घडली आणि ती सांगितल्याशिवाय पुढचं लिहिण्यात अर्थ नाही.

आमच्या विंगमधून एकाचा मोबाईल गेला. नवा, महागाचा. रात्री अकराला शोधाशोध सुरू झाली आणि ती सुरू झाली आमच्या खोलीपासून. काऊन? कारण ॲडमिशनच्या यादीत माझ्या पार्टनरच्या नावापुढे 'व्हीजे-ए' लिहिलेलं कोणीतरी पाहिलं होतं, आणि त्याचा अर्थ काय होतो हे दुसऱ्या कोणाला अर्धवट माहीत होतं. "यांचं तर खानदानी कामच आहे न भाऊ," असं एक जण हसत हसत बोलला. पार्टनरची पत्र्याची ट्रंक कॉरिडॉरमध्ये ओढून उघडली. वर शेंगाचटणीची पिशवी, खाली कपडे, तळाशी वडिलांचा फोटो. मी तिथेच उभा होतो. थांबवलं नाही. उलट कुलपाची किल्ली कुठे असते हे मीच सांगितलं, म्हटलं लवकर मिटेल. दोन दिवसांनी तो मोबाईल ज्याचा त्याच्याच वर्कशॉपच्या ॲप्रनच्या खिशात सापडला. बाकी कोणाची ट्रंक उघडली नव्हती.

त्या दिवाळीत मी सोलापूरला गेलो. स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला नुसतं 'सेटलमेंट' म्हटलं, त्याने पुढे काही विचारलं नाही. पार्टनरच्या घरच्या पत्त्यावर लिहिलेलं असतं 'सेटलमेंट फ्री कॉलनी' आणि पुढे नंबर. तीन वर्षं त्याच्या पार्सलवर हा पत्ता वाचत होतो. मला वाटायचं, असेल एखादी हाउसिंग सोसायटी, आपल्याकडे असतात तशी. 'फ्री' म्हणजे काय, कोणापासून फ्री, हा प्रश्न कधी पडला नाही.

मित्रांनो, आता थोडा इतिहास. कंटाळू नका, परीक्षेला येणार नाही.

१८७१ साली इंग्रज सरकारने एक कायदा केला, क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट. मराठीत गुन्हेगार जमाती कायदा. माणसाने गुन्हा केला तर शिक्षा, हा जगभरचा नियम. इथे उलटं होतं. सरकारने एखादी जमात 'गुन्हेगार' म्हणून जाहीर केली की त्या जमातीत जन्मलेला प्रत्येक जण संशयित झाला. त्या अधिसूचनेविरुद्ध कोर्टात दाद मागायची सोय नव्हती. नाव रजिस्टरमध्ये चढायचं, बोटांचे ठसे घेतले जायचे, ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी लागायची, आणि पासाशिवाय हद्द ओलांडली तर तुरुंग. साहेबांचा तर्क असा होता की या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, म्हणजे चोराचा मुलगा चोरच होणार. जातिव्यवस्था आपली आणि तिच्यावर कायद्याचा शिक्का त्यांचा, असं ते काम होतं.

हे लोक गुन्हेगार ठरले कसे, याच्या मागे आपल्या इंजिनिअरिंगचाही हात आहे. बैलांच्या तांड्यांवर मीठ आणि धान्य लादून गावोगाव फिरणाऱ्यांचा धंदा रेल्वेने संपवला. नागपूरला रेल्वे आली १८६७ साली, कायदा आला त्यानंतर चार वर्षांनी. जंगलावर सरकारी कायदे लागू झाले तशी शिकार आणि चराई गेली. पोट भरायचा रस्ता बंद झाला, फिरणं तेवढं उरलं, आणि सरकारच्या लेखी फिरणारा माणूस म्हणजे चोर. कोणी चोरी केलीच नाही असं मी म्हणत नाही. पण चोरी करणाऱ्याला पकडायला कायदा आधीच होता. हा नवा कायदा न केलेल्या चोरीसाठी होता.

सुरुवातीला तो उत्तर हिंदुस्थानात लागू होता. १९११ च्या सुधारित कायद्याने तो सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात आणता आला आणि १९२४ साली पुन्हा नव्याने मांडला गेला. त्यातलं एक कलम वाचून मला झोप लागली नाही. सहा वर्षांवरची मुलं आईबापांपासून वेगळी करून सरकारी सुधारशाळेत ठेवायचा अधिकार सरकारला होता. याच काळात मुंबई इलाख्यात 'सेटलमेंट' उभ्या राहिल्या. विजापूर, हुबळी, गदग आणि आपलं सोलापूर. तारेचं कुंपण, आत कुटुंबंच्या कुटुंबं. सोलापुरात कापडगिरण्या होत्या आणि गिरण्यांना हात हवे होते, त्यामुळे आतली माणसं पास घेऊन गिरणीत जायची आणि पाळी संपली की परत तारेच्या आत. बरीच वर्षं नीट वागलं, नेमाने काम केलं, तर कुटुंबाला तारेबाहेर राहायला मिळायचं. त्या बाहेरच्या वस्तीचं नाव फ्री कॉलनी. तर माझ्या पार्टनरच्या पत्त्यातला 'फ्री' हा असा आहे.

सेटलमेंटमध्ये शाळा होती, दवाखाना होता. साहेब लोकांना आपण या माणसांचं भलंच करतोय असं वाटायचं. हेही लिहिलं पाहिजे, कारण ते खरं आहे. पण ज्या शाळेच्या भोवती तार आहे आणि जिथून बाप पासाशिवाय बाहेर पडू शकत नाही, तिला मी तरी शाळा एवढंच म्हणून थांबणार नाही.

आजींना मी विचारलं. वय ऐंशीच्या पुढे, कान कमी, पण आठवण पक्की. म्हणाल्या, "पोरा, आम्हाला मोजायचे. ल्हानपणी मला वाटायचं सगळ्यांच्याच घरी मोजतात." त्यांची आई गिरणीत जायची. एकदा गिरणीतून यायला उशीर झाला, तर पोरं दारात रडत उभी, कारण हजेरीला आई नसली तर काय होतं ते पोरांनाही माहीत होतं. एवढं सांगून आजी म्हणाल्या, "जेवून घे आता." बस्स. त्यांना त्यात सांगण्यासारखं आणखी काही वाटलं नाही.

स्वातंत्र्य १९४७ ला मिळालं, तार लगेच निघाली नाही. मुंबई राज्याने हा कायदा १९४९ साली रद्द केला आणि देशभरातून तो गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला. म्हणजे पंधरा ऑगस्टला आपण झेंडावंदन करून जिलेबी खातो, त्यानंतर सोळा दिवसांनी या लोकांचा वेगळा स्वातंत्र्यदिन येतो, आणि तोही पाच वर्षं उशिरा. त्याला विमुक्त दिन म्हणतात. 'व्हीजे' म्हणजे विमुक्त जाती. विमुक्त कशातून, तर या तारेतून. आपल्या राज्याच्या यादीत व्हीजे-ए मध्ये चौदा जाती आहेत. बेरड, रामोशी, कैकाडी, कंजारभाट, वडार, राजपारधी वगैरे, आणि आपल्या यवतमाळ-वाशिमकडचे बंजारासुद्धा. आरक्षण तीन टक्के. मेरिट लिस्ट पाहताना आपण त्या दोन अक्षरांकडे 'याला कमी मार्कांत सीट मिळाली' एवढ्याच नजरेने पाहतो. ती दोन अक्षरं म्हणजे खरं तर सुटकेच्या कागदावरचा शिक्का आहे.

आता त्या बोर्डावरच्या शब्दाकडे येतो. कॉन्सन्ट्रेशन कॅम्प म्हटलं की आपल्याला हिटलर आठवतो, 'शिंडलर्स लिस्ट' आठवतो. पण हा शब्द त्याच्याही आधीचा. १८९६ मध्ये क्युबात स्पॅनिश सरकारने खेड्यातल्या लोकांना एका जागी कोंडलं. मग बोअर युद्धात इंग्रजांनी दक्षिण आफ्रिकेत तेच केलं. तिथे सुमारे सव्वीस हजार बोअर बायका-मुलं मेली, आणि कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या छावण्यांत आणखी हजारो. त्या युद्धातले काही बोअर कैदी तर आपल्या अहमदनगरच्या किल्ल्यात आणून ठेवले होते. म्हणजे माणसं तारेत घालायची विद्या काही एका देशाची नाही.

सोलापूर आणि नाझी छावण्या एकच आहेत असं मी अजिबात म्हणत नाही. सेटलमेंटमध्ये माणसं मारण्यासाठी आणली नव्हती. नाझींच्या डाखाऊ छावणीत बारा वर्षांत दोन लाखांहून जास्त कैदी होते आणि सुमारे साडेएकेचाळीस हजार मेले. ही तुलना करणं दोघांचाही अपमान आहे. मी बोलतोय ते पुढच्या गोष्टीबद्दल. छावणी बंद झाल्यावर त्या जागेचं काय झालं?

डाखाऊची ही गोष्ट मला फार शिकवून गेली. आज तिथे जगभरातून लोक जातात, तेव्हा वाटतं की जर्मनीने लगेच स्मारक केलं असेल. तसं झालं नाही. २९ एप्रिल १९४५ ला छावणी सुटली. आधी अमेरिकन सैन्याने तिथे नाझींच्याच लोकांना डांबलं. १९४८ पासून त्याच बराकींत निर्वासित जर्मन कुटुंबं राहायला आली. तिथे दुकानं निघाली, शाळा भरली. पंधरा-सोळा वर्षं लोकांनी त्या जागेत संसार केले. गावाला ती आठवण नकोच होती. मग हे स्मारक झालं कसं? जे आत राहून जिवंत बाहेर आले होते, त्या कैद्यांनी १९५५ मध्ये आपली आंतरराष्ट्रीय समिती पुन्हा उभी केली आणि दहा वर्षं सरकारचा पिच्छा पुरवला. १९६५ साली स्मारक उघडलं. तोवर बराकी मोडकळीला आल्या होत्या, त्या पाडल्या. दोन नव्याने बांधल्या आणि बाकीच्यांच्या नुसत्या पायाच्या चौकटी जमिनीवर राखल्या. आज माणूस त्या रिकाम्या चौकटींमधून चालतो. म्हणजे स्मारक आपोआप होत नाही. जागा विसरायलाच बसलेली असते. कोणीतरी हट्ट धरावा लागतो.

आणि हट्ट धरायचा वेळही मोजका असतो. डाखाऊचे कैदी १९५५ मध्ये धडधाकट होते. सोलापूरच्या तारेत बालपण काढलेल्या आजी आज ऐंशीच्या पुढे आहेत. मी फिरलो त्या गल्ल्यांत मला दाखवली गेलेली खूण म्हणजे तो पत्ता आणि 'इथून तार जायची' म्हणून हवेत फिरवलेला एक हात. बाकी पुस्तकांतच. अण्णा भाऊंच्या 'फकिरा'त हजेरीचा जाच आहे. लक्ष्मण माने यांचं 'उपरा', लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या', भीमराव गस्ती यांचं 'बेरड', ही सगळी आपल्या लायब्ररीत मराठी विभागाच्या शेवटच्या रॅकवर आहेत. मी काढली तेव्हा कार्डावर मागची तारीख बरीच जुनी होती.

जागेला आठवण असते हे नागपूरकराला शिकवावं लागत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर काय झालं हे आपल्याला पाठ्यपुस्तकाने नाही, दरवर्षी तिथे येणाऱ्या लाखो पायांनी शिकवलं. २३ नोव्हेंबर १९९४ ला मोर्चातल्या चेंगराचेंगरीत ११४ गोवारी गेले. झिरो माईलजवळ त्यांचं स्मारक आहे आणि उड्डाणपुलाला त्यांचं नाव आहे. बर्डीला जाताना आपण त्याच पुलावरून जातो, म्हणून ती गोष्ट मेली नाही. सोलापूरही आठवण ठेवणारं शहर आहे. १९३१ साली फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांचे पुतळे तिथे चौकात उभे आहेत. मग सेटलमेंटची एक भिंत, दोन खोल्या, तारेचा एक तुकडा आणि हजेरीची रजिस्टरं जपून ठेवायला काय हरकत आहे? माझं म्हणणं एवढंच आहे की ती जागा स्मारक व्हावी.

हे मी पार्टनरच्या वडिलांसमोर मोठ्या उत्साहात बोललो. ते एका कारखान्यात फिटर होते. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुम्ही बोर्ड लावून नागपूरला जाल. आम्हाला इथंच राहायचंय. अजून नोकरीच्या अर्जावर हा पत्ता टाकताना पोरं विचार करतात. कुठं चोरी झाली की पोलीस आधी इकडंच येतात, असं आमच्या लहानपणापासून बघतोय. त्यावर तुम्ही मोठ्ठा बोर्ड लावणार, की इथं गुन्हेगार राहत होते?"

मला काही बोलता आलं नाही. खरं सांगतो, परतीच्या गाडीत मी स्मारकाची कल्पना सोडून दिली होती.

पण नंतर वाटलं, त्यांचा प्रश्न बरोबर आहे आणि उत्तरही त्यातच आहे. बोर्ड नाही म्हणून संशय गेला का? नाही गेला. १९५२ ला कायदा गेला, पण सराईत गुन्हेगारांचे कायदे मागे राहिले. जुलै २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षुकीला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं, कारण मोबाईलवर मुलं पळवणाऱ्यांची अफवा होती आणि हे लोक 'फिरणारे' होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की तुरुंगांच्या नियमावलीत विमुक्त जातींना जन्माने गुन्हेगार समजणं घटनेविरुद्ध आहे. म्हणजे तोवर ते नियमावल्यांत छापलेलं होतं! आणि आमच्या कॉरिडॉरमध्ये तर एक ट्रंक पुरली. विसरल्याने डाग पुसला नाही. गोष्टीतलं 'का' तेवढं पुसलं गेलं आणि 'ते लोक तसलेच' एवढं मागे राहिलं.

म्हणून बोर्डावर काय लिहायचं हाच मुद्दा आहे. 'इथे गुन्हेगार राहत होते' असं नाही. 'इथे सरकारने निरपराध माणसांना त्यांच्या जन्मावरून तारेत ठेवलं' असं. लाज कोणाची, हे स्मारकाने सांगायचं असतं. आणि ते शब्द मी नागपुरात बसून ठरवू नयेत, सरकारी बाबूनेही ठरवू नयेत. डाखाऊत आत राहिलेल्यांनी ठरवलं, इथे सेटलमेंटमधल्या घरांनी ठरवावं. त्यांनी नको म्हटलं तर नको.

तोवर आपण काय करू शकतो? सिव्हिलवाले दरवर्षी सर्व्हे कॅम्पला जाऊन त्याच त्याच टेकडीचे कंटूर काढतात. तिथल्या लोकांची परवानगी घेऊन एक वर्ष जुन्या सेटलमेंटचा नकाशा काढा. कॉम्प्युटरवाल्यांनी म्हाताऱ्या माणसांचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवावं, फायनल इयर प्रोजेक्ट म्हणून हजेरी घेणारं ॲप सगळेच करतात. आणि ३१ ऑगस्टला हॉस्टेलच्या बोर्डावर एक कागद लागू द्या. मार्कर माझा.

रेक्टर सरांना आणि वॉर्डन मॅडमना एक विनंती. हॉस्टेलमध्ये चोरी झाली तर झडती सगळ्या खोल्यांची घ्या, नाहीतर कोणाचीच घेऊ नका. 'आधी याची बघू' हे वाक्य आपल्या आवारात चालणार नाही, असं एकदा लेखी होऊ द्या.

शेवटचं. त्या रात्रीबद्दल मी पार्टनरला खोलीत सॉरी म्हटलं होतं. तो म्हणाला, "जाऊ दे बे." पण ट्रंक कॉरिडॉरमध्ये उघडली होती, सगळ्यांसमोर. म्हणून त्याला विचारून, त्याचं नाव न लिहिता, हे इथे सगळ्यांसमोर लिहितोय. किल्ली मी दिली होती. माझं चुकलं.